ओढते, पण पेलते का?

१९४७ सालचे एक छायाचित्र अमेरिकेत फार प्रसिद्ध आहे. अल्फ्रेड लेटूर्नर नावाचा एक फ्रेंच सायकलपटू रस्त्यावर सायकल मारतो आहे आणि त्याच्या सायकलीला जोडलेले, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, आत माणसांना झोपता-जेवता येईल असे एक अख्खे घर चाकांवरून मागे येते आहे. हे घर 'एअरस्ट्रीम' या कंपनीचे. वॉली बायम नावाच्या गृहस्थाने १९३० च्या दशकात ती काढली. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवण्यासाठी जी फिरती खोली वापरली, तीही याच कंपनीच्या गाडीचा सांगाडा घेऊन तयार केलेली होती. सायकलीच्या छायाचित्रातून कंपनीला सांगायचे होते ते इतकेच, की आमचे घर इतके हलके आहे की एक माणूस पायाने ते ओढू शकतो.

छायाचित्रात लबाडी नव्हती. सपाट रस्ता असला, चाके सुरळीत फिरत असली, की जड वस्तूही एकदा हलल्यावर फारशा बळाशिवाय पुढे जात राहते. बंद पडलेली मोटार दोन माणसे ढकलत गॅरेजपर्यंत नेतात, हे आपण नेहमीच पाहतो. पण त्या सायकलस्वारापुढे उतार आला असता तर? त्याने ब्रेक कसा लावला असता? बाजूने एखादा भरधाव ट्रक गेला असता आणि त्याच्या वाऱ्याने मागचे घर डुलायला लागले असते तर त्याने हँडल कसे सांभाळले असते? जाहिरात या प्रश्नांना हात लावत नाही. ओढणे दिसते, पेलणे दिसत नाही. आज पाऊणशे वर्षांनंतरही मोटारीमागे जोडायची घरे विकताना नेमके असेच घडते, म्हणून हा लेख.

अशा घराला तिकडे 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात, इंग्लंडात 'कॅराव्हॅन'. त्याला स्वतःचे इंजिन नसते. आत दोन-चार बिछाने, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, मोरी आणि संडास. शनिवारी मोटारीच्या मागच्या हुकाला जोडायचे आणि एखाद्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन मुक्काम करायचा. करोनाच्या काळात विमाने आणि हॉटेले नकोशी झाली, तेव्हा या घरांना अमेरिकेत विलक्षण मागणी आली. २०२१ साली तिथल्या कारखान्यांतून अशी ओढायची आणि स्वयंचलित मिळून सहा लाख घरे बाहेर पडली. ती घेणाऱ्यांत आपली मराठी मुलेही आहेत. सुट्टीत आई-बाबा भारतातून येतात, नातवंडे असतात, पोळी-भाजीची सवय सुटलेली नसते. सगळ्यांनी एकत्र, घरचे जेवत हिंडायचे तर याहून चांगली सोय कोणती?

विक्रेत्याचा आकडा

माझा एक भाचा कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ राहतो. मागच्या वर्षी त्याचा रात्री फोन आला. "मावशी, ट्रेलर बघून आलो. आपली गाडी २२७० किलो ओढते आणि ट्रेलर आहे १७२५ किलोचा. विक्रेता म्हणाला, डोळे मिटून घ्या. साडेपाचशे किलो शिल्लकच राहतात!"

मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. 'डोळे मिटून' हा शब्द ऐकला की आमच्या धंद्यातल्या माणसाचे डोळे आपोआप उघडतात. मी म्हटले, "अरे, ते १७२५ रिकाम्या ट्रेलरचे की भरलेल्या?"

"रिकाम्या."

"आणि तुम्ही काय रिकाम्या घरात राहणार आहात?"

मग आम्ही दोघांनी कागद घेतला. त्याच्याकडे गाडीचे पुस्तक होते, माझ्याकडे स्वयंपाकघर चालवल्याचा अनुभव. अमेरिकेत हे सारे पौंडांत असते, पण आम्ही किलोतच मांडले. तो हिशेब इथे देते, कारण गाडी कोणतीही असो, हिशेबाची रीत तीच असते.

रिकामा ट्रेलर १७२५ किलो. पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे १५० लिटर. पाण्याचे एक बरे असते, लिटर म्हणजेच किलो. तेव्हा १५०. गॅसची दोन भरलेली नळकांडी ३४. बॅटरी २५. मग अंथरुणे, पांघरुणे, कपडे, भांडी, कुकर, पोळपाट-लाटणे, डाळ-तांदूळ-कणीक, घडीच्या खुर्च्या, हत्यारांची पेटी, मुलांच्या दोन सायकली. भाचा म्हणाला शंभर किलो. मी म्हटले दोनशे धर. ज्याने भाड्याचे घर एकदा तरी बदलले आहे त्याला विचार, सामान नेहमी अंदाजाच्या दुप्पट निघते. बेरीज झाली २१३४, म्हणजे २१३५ च म्हणा.

"तरी बसतंय की!" भाचा म्हणाला.

बसत होते. पण २२७० हा आकडा कुठून आला, हे अजून कोणी विचारले नव्हते.

मोटारींची ओढण्याची क्षमता मोजायची अमेरिकेत एक सर्वमान्य पद्धत आहे. 'एसएई' या अभियंत्यांच्या संस्थेने ती २००८ साली 'जे २८०७' या नावाने ठरवून दिली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने आकडा छापत असे आणि शेजाऱ्यापेक्षा तो थोडा मोठा असेल याची काळजी घेत असे. नव्या पद्धतीत अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा घाट वातानुकूलन चालू ठेवून, ठरलेल्या वेगाखाली न येता चढून दाखवावा लागतो. परीक्षा चांगली आहे. पण ती देताना गाडीत माणसे किती धरतात? दोन. एक चालक आणि एक सोबती, प्रत्येकी १५० पौंड, म्हणजे ६८ किलो.

गाडी, तिच्यातील माणसे, सामान आणि मागचा ट्रेलर या सगळ्यांचे मिळून जास्तीत जास्त वजन किती असावे, ते कारखान्याने बांधून दिलेले असते. तेव्हा गाडीत तिसरा माणूस बसला की त्याचे वजन मागच्या ट्रेलरच्या वाट्यातून वजा होते. भाच्याच्या गाडीत माणसे सहा. तो आणि त्याची बायको मिळून १३५ किलो, दोन मुले त्यांच्या खुर्च्यांसकट ५५, आणि आई-बाबा, म्हणजे माझी बहीण आणि मेहुणे, १३०. एकूण ३२०. त्यातले दोघांचे १३६ कारखान्याने धरलेलेच आहेत. उरले १८४. गाडीतले सामान ६०. म्हणजे २२७० मधून २४४ गेले. राहिले २०२६. आणि ट्रेलर २१३५ चा.

फोनवर थोडा वेळ शांतता होती.

जुवावरचा भार

पण खरी अडचण याच्याही पुढे आहे, आणि ती समजायला अभियंता असावे लागत नाही. ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला ती ठाऊक असते.

आपली दोन चाकांची बैलगाडी भरताना शेतकरी ओझे आखाच्या किंचित पुढे ठेवतो. मागे जास्त ओझे झाले तर गाडी 'उलाळ' होते. जू वर उचलले जाते, जुपण्यांचा बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि चढावर तर बैल अक्षरशः लोंबकळायची वेळ येते. पुढे जास्त झाले तर गाडी 'धुरजड' होते. सगळा भार बैलांच्या मानेवर, आणि चार कोसांत खांदे सुजतात. दोन्ही टोके वाईट. मध्ये एक जागा असते आणि जुना गाडीवान जू हाताने उचलून ती जागा ओळखतो.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे दुसरे काय? आख बहुधा मध्याच्या जरा मागे, पुढे दांडा, आणि बैलांच्या जागी मोटार. दांड्याचे टोक मोटारीच्या हुकावर जो भार टाकते त्याला तिकडे 'टंग वेट' म्हणतात, जिभेवरचे वजन. आपण जुवावरचा भार म्हणू. अमेरिकेतील रूढ सल्ला असा, की हा भार ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. त्यापेक्षा कमी झाला, की ट्रेलर उलाळ होतो. ताशी ९०-१०० किलोमीटर वेगात तो मागे शेपूट हलवायला लागतो. आधी थोडा, मग अधिक, आणि काही सेकंदांत मागचे घर पुढच्या मोटारीलाच हलवायला लागते. अशा वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक दाबणे सर्वांत घातक. स्टीअरिंग सरळ धरावे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि चालकाजवळच्या वेगळ्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत, असे जाणकार सांगतात. पण त्याहून शहाणपणाचे म्हणजे जड सामान मागच्या कपाटात न भरणे. मुलांच्या सायकली ट्रेलरच्या पाठीमागे टांगणे सोपे, पण उलाळीला तेवढेही निमित्त पुरते.

भार वाढला तर? मोटारीचा मागचा भाग खाली बसतो, पुढची चाके हलकी होतात, स्टीअरिंग सैल वाटते आणि रात्री दिव्यांचा झोत रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडतो.

आता भाच्याचा हिशेब. २१३५ चे साधारण १३ टक्के म्हणजे सुमारे २७५ किलो. हा भार मोटारीच्या मागच्या हुकावर पडणार. हुकाची मर्यादा पुस्तकात दिली होती २२५. म्हणजे तिथेच गाडी अडली. पण हुकाचेही सोडा. हे २७५ किलो मोटारीवर बसतात, म्हणून ते मोटारीतल्या माणसा-सामानातच मोजावे लागतात, आणि हे कोणताही विक्रेता आपणहून सांगत नाही.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक छोटे लेबल चिकटवलेले असते. या गाडीतील माणसे आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर कधीही जाऊ नये, असे त्यावर लिहिलेले असते. भाच्याला मी फोन हातात घेऊनच खाली पाठवले. त्याने दार उघडून वाचले, ६३५ किलो. आता बेरीज करा. माणसे ३२०, गाडीतले सामान ६०, भार सारखा वाटणाऱ्या खास हुकाचे लोखंड ४०, जुवावरचा भार २७५. एकूण ६९५. साठ किलो जास्त.

"मावशी," भाचा सावकाश म्हणाला, "आई-बाबा नसले तर बरोबर बसतं."

बसते खरेच. ६९५ मधून १३० गेले की ५६५. ज्यांच्यासाठी हे घर घ्यायचे ठरले, ते दोघे उतरले की गाडी नियमात येते! हा विनोद नाही. हा अमेरिकेतल्या हजारो गाड्यांचा हिशेब आहे, फक्त तो कागदावर मांडला जात नाही. मग आई-बाबाही बसतात, सायकलीही चढतात, लोणच्याच्या बरण्याही जातात, आणि गाडी निघते. निघते, कारण ओढते.

मंजुरी आणि उचल

बँकेत आमच्याकडे व्यापाऱ्यांना कॅश क्रेडिट देत. एखाद्याला दहा लाखांची मर्यादा मंजूर होई. तो बाहेर जाऊन सांगे, मला बँकेने दहा लाख दिले. पण त्याला दहा लाख उचलता येत नसत. दर महिन्याला गोदामातल्या मालाची यादी घ्यायची, त्याची किंमत धरायची, त्यातून मार्जिन वजा करायचे आणि उरेल तेवढीच त्या महिन्याची उचल. याला आम्ही 'ड्रॉइंग पॉवर' म्हणत असू. मंजुरी वर्षाची असते, उचलीची ताकद आजच्या मालावर ठरते. अनेक बुडालेल्या खात्यांच्या मुळाशी एवढीच गोष्ट असे, की कुणीतरी मंजुरीलाच उचल समजले होते.

मोटारीच्या माहितीपत्रकावरचा ओढण्याचा आकडा ही मंजुरी आहे. त्यामागे बहुधा 'पर्यंत' असा एक लहानसा शब्द असतो. ती मंजुरीही त्या जातीच्या सर्वांत हलक्या, खास ओढण्यासाठी सजवलेल्या गाडीची असते. तुमच्या दारातल्या गाडीला काचेचे छप्पर, मोठी चाके, गाद्यांना मोटारी असतील तर त्यांचे वजन आधीच खर्ची पडलेले असते. आजच्या प्रवासाची उचल किती, हे दाराच्या चौकटीवरचे लेबल आणि आज गाडीत बसणारी माणसे मिळून ठरवतात.

आणि मार्जिन? ते बँकेइतकेच इथेही लागते. इंग्लंडमध्ये नवशिक्यांना जुना सल्ला आहे, की भरलेला कॅराव्हॅन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर नसावा. हा कायदा नाही, शहाणपण आहे. तिथे डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या परवान्यावर, वेगळी परीक्षा न देता, साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढायला परवानगी मिळाली. परीक्षा गेली तेव्हा शहाणपणाची गरज वाढली, असे मला वाटते. अमेरिकेतही जाणती माणसे पुस्तकातल्या आकड्याचा पाचवा हिस्सा हातचा ठेवतात. का ठेवायचा? कारण परीक्षेत वारा नसतो, आणि ट्रेलरच्या उंच, सपाट तोंडावर वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. कारण गाडी जुनी होते. आणि कारण डोंगर असतो.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच आहे. तिथून पश्चिमेला निघालात की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत रस्ता ११ हजार फुटांवर जातो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के कमी होते, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी जवळजवळ एक तृतीयांश ताकद विरळ हवेत गेलेली असते. पण चढ हा सभ्य असतो. ताकद पुरली नाही तर गाडी हळू होते, इतकेच. उतार तसा नसतो. सहा-सात टक्क्यांच्या उतारावर मागचे दोन टन सतत पुढे ढकलत राहतात. ब्रेक तापतात, तापलेले ब्रेक धरत नाहीत. त्या रस्त्यावर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढते मार्ग बांधून ठेवले आहेत, ते काही शोभेसाठी नव्हेत. आपल्याकडे बोरघाटात जुने ड्रायव्हर सांगत, की ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तो नियम डेन्व्हरलाही लागू आहे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे आणि ते नीट जुळवलेले असणे हे तर पहिले कलम.

१९५४ साली 'द लाँग, लाँग ट्रेलर' नावाचा एक विनोदी इंग्रजी चित्रपट आला होता. ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ हे खरे नवरा-बायको त्यात नवपरिणित जोडपे झाले होते. बायकोला प्रत्येक मुक्कामाची आठवण म्हणून एकेक दगड गोळा करायचा नाद. डोंगर चढायचा म्हणून नवरा दगड टाकून दे म्हणतो, ती ते ट्रेलरमध्ये लपवते, आणि घाटात सगळे गडगडू लागतात. लोक पोट धरून हसत. मला त्या दगडांचे नेहमी कौतुक वाटले आहे. प्रत्येक कुटुंब काही ना काही दगड बरोबर घेतच असते. हिशेब चुकतो तो जड वस्तूंमुळे नाही, त्या वजन म्हणून आपल्याला दिसतच नाहीत म्हणून.

आपल्याकडची गोष्ट

आपल्याकडे ट्रॅव्हल ट्रेलर क्वचित दिसतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी इथे कॅराव्हॅन म्हणजे बहुधा एकाच चासीवर बांधलेली, इंजिनासकटची गाडी. पण म्हणून हा प्रश्न परका नाही. उसाच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा अहिल्यानगरच्या रस्त्यावरून एकदा रात्री प्रवास करा. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या फळ्यांवर पुरुषभर चढलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि वजन म्हणून दोन पोरे बॉनेटवर बसवलेली असतात.

शेतीकर्जाच्या कामासाठी हिंडताना अशा एका ट्रॅक्टरमालकाशी मी बोलले होते. ट्रॅक्टर आमच्याच कर्जाचा, फायलीत एका ट्रॉलीची नोंद, प्रत्यक्षात दोन. मी विचारले, "ब्रेक लागतो का हो एवढ्या वजनाला?" तो हसून म्हणाला, "वढतंय की मॅडम! न वढून सांगतंय कुनाला?" त्याचा दोष मला फार वाटला नाही. कारखान्याकडून पैसे टनावर मिळतात, हप्ता बँकेला महिन्यावर नसला तरी हंगामावर द्यायचा असतो. आम्ही कर्ज देताना ट्रॅक्टरचे अश्वबळ विचारत होतो, ब्रेक विचारत नव्हतो. कारखान्याच्या फाटकावरच वजनकाटा असतो. तिथे उसाचा किलो न् किलो मोजला जातो, कारण त्याचे पैसे होतात. त्याच काट्यावर ट्रॅक्टरला किती झेपते हेही दिसत असते, पण ते बघण्याचे कोणाला पैसे मिळत नाहीत.

म्हणून मला वाटते, की डेन्व्हरचा विक्रेता आणि आपल्याकडची व्यवस्था यांत जात एकच आहे. विकणारा ओढण्याचा आकडा मोठ्या अक्षरांत सांगतो, पेलण्याचा आकडा दाराच्या चौकटीवर बारीक अक्षरांत असतो, आणि आपल्या ट्रॉलीवर तर तो शोधूनही वाचता येत नाही. यावर उपाय फार मोठे नाहीत. ट्रेलर विकताना भरलेले वजन आणि जुवावरचा भार लेखी सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक करावे. आपल्या बँकांनी ट्रॅक्टरच्या कर्जाबरोबर ट्रॉलीचे ब्रेक, मागचे दिवे आणि भाराची मर्यादा तपासावी. कारखान्यांनी काट्यावरून जास्त भरलेल्या गाड्यांना दुसऱ्या खेपेस परत बोलावून बघावे. दोन हंगामांत भरणे आपोआप बदलेल. ज्याच्या हातात काटा आहे त्याच्याकडे ही जबाबदारी द्यायला हवी, रस्त्यावरच्या ड्रायव्हरकडे नव्हे.

आणि घरच्यांनी? त्यांनी सही करण्यापूर्वी तीन आकडे लिहून घ्यावेत. दाराच्या चौकटीवरचा माणसा-सामानाचा आकडा, हुकावरच्या भाराची मर्यादा, आणि ट्रेलर पूर्ण भरल्यावर त्याला कारखान्याने दिलेले कमाल वजन. रिकाम्या वजनाचा आकडा ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा. मग कुटुंबातल्या प्रत्येकाचे वजन खरेखुरे घालावे, लाजून चालत नाही. पहिल्या प्रवासाला निघताना सगळे भरून, सगळ्यांना बसवून, गाडी काट्यावर न्यावी. अमेरिकेत हमरस्त्यांवरच्या ट्रकांच्या थांब्यांवर असे काटे असतात, थोड्या डॉलरांत प्रत्येक आखावर किती वजन आहे याची छापील पावती मिळते. हिशेब अंदाजाचा असतो, पावती खरी असते. पाणी घरून भरून न नेता मुक्कामी भरावे, एवढ्यानेच आमच्या उदाहरणात १५० किलो वाचले असते, फक्त ती टाकी ट्रेलरच्या कोणत्या टोकाला आहे ते पाहून. पुढच्या टोकाची टाकी रिकामी केली तर जुवावरचा भार कमी होऊन उलाळीची भीती वाढते.

भाच्याने तो ट्रेलर घेतला नाही. त्याने भरल्यावर १५०० किलो होईल असा लहान घेतला. जुवावरचा भार आला १९५, गाडीतले सामान निम्मे केले, आणि बेरीज ५८५ वर थांबली. पन्नास किलो शिल्लक. आत झोपायला चौघांचीच जागा आहे, म्हणून मुले शेजारी तंबूत झोपतात आणि त्यांना तेच अधिक आवडते. गेल्या उन्हाळ्यात माझी बहीण आणि मेहुणे तीन आठवडे त्यांच्याबरोबर हिंडून आले. बहिणीला तिथे कुकर न्यायची परवानगी मिळाली, पण पाच लिटरचा नाही, तीन लिटरचा. ती अजून तक्रार करते.

करू दे. तक्रार करायला माणसे सुखरूप घरी यावी लागतात.